सांगलीतल्या दुकानदाराचं रिटर्न: अंदाजी टक्क्यावर की वह्यांवर?

"यंदा ४४एडीतच टाकून द्या की" हे वाक्य एप्रिल उजाडला की गणपती पेठेपासून कुपवाडच्या एमआयडीसीपर्यंत कुठंही ऐकू येतं. ४४एडी म्हणजे लहान धंद्याला विक्रीच्या ठरावीक टक्क्यानं अंदाजी नफा दाखवू देणारं आयकर कायद्याचं कलम. बोलणाऱ्याचा भाव असा, की त्या कलमात गेलं की खर्चाची बिलं कुणी मागत नाही, वह्या कुणी बघत नाही, आठ टक्के लिहायचे आणि सुटायचं. ज्यांचे सीए वह्या लिहायला लावतात त्यांना वाटतं, शेजारचा सुखात आहे आणि आपणच फुकटचा खर्च करतोय.

दोन्ही वाटा कायद्याच्याच आहेत, आणि दोन्ही वाटांवर उत्पन्न चुकीचं दाखवलं जातं. फरक इतकाच की अंदाजी वाटेवर गफलत विक्रीच्या आकड्यात होते आणि वह्यांच्या वाटेवर खर्चाच्या. म्हणून आपल्याला कुठला आकडा कागदासकट सिद्ध करता येतो ते आधी बघावं, कर किती वाचतो ते नंतर. पुढचं सगळं या क्रमानं लिहिलं आहे, आणि एकट्याच्या मालकीच्या धंद्यापुरतं.

एक खुलासा. खाली दिलेली कलमं १९६१ च्या कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाला आणि त्यात क्रमांक बदलले. पण आर्थिक वर्ष २०२५-२६ आणि त्याआधीच्या वर्षांचा निवाडा जुन्या कायद्यानंच होणार आहे.

निवड आहे कुणाला?

४४एडीची वाट वर्षाला २ कोटींपर्यंत विक्री असणाऱ्या धंद्याला खुली आहे. रोखीची जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा ३ कोटींवर जाते. बँकेतून, चेकनं किंवा यूपीआयनं आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के आणि उरलेल्या विक्रीवर किमान ८ टक्के नफा धरायचा. उधारीचे पैसे वर्ष संपल्यावर पण रिटर्नच्या मुदतीआधी बँकेत आले, तर त्यांनाही ६ टक्केच लागतात. हे बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही आणि ते उगाच ८ टक्के भरून बसतात.

आपल्याकडं सर्वांत मोठा घोळ होतो तो मार्केट यार्डातल्या अडत्यांचा. कमिशन, दलाली किंवा एजन्सीच्या उत्पन्नाला ४४एडी चालतच नाही. हळदीच्या सौद्यावर अडत कमावणाऱ्यानं त्या अडतीचे आठ टक्के नफा म्हणून दाखवले, तर आकडा खरा असला तरी रिटर्न चुकीचं. त्याला वह्याच लिहाव्या लागतात. ऑडिटसाठी, म्हणजे सीएकडून वह्यांची तपासणी सक्तीची आहे का हे ठरवायला, विक्री मोजताना मात्र त्याला दिलासा आहे. आयकर खात्याच्या १९८६ च्या ४५२ क्रमांकाच्या परिपत्रकानुसार कच्च्या अडत्याची, म्हणजे फक्त दुसऱ्याचा माल विकून देणाऱ्याची, विक्री म्हणजे फक्त त्याची अडत. शेतकऱ्याच्या पट्टीवरची मालाची पूर्ण किंमत त्यात धरायची नाही. पक्क्या अडत्याची मात्र पूर्ण विक्री धरतात, कारण तो स्वतःच्या जबाबदारीवर खरेदी-विक्री करतो. बरेच जण दोन्ही करतात, शेतकऱ्याचा माल अडतीवर विकतात आणि थोडा स्वतःही घेऊन ठेवतात. त्यांनी दोन्हींची खाती पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवावीत. मार्चअखेर ते वेगळं करणं म्हणजे वरातीमागून घोडं.

ट्रकवाल्यांना ४४एई आहे. वर्षभरात कधीही मालकीची १० पेक्षा जास्त मालवाहू वाहनं नसतील तरच ते चालतं, आणि उत्पन्न गाडीच्या वजनावर ठरतं. मिरजेतल्या डॉक्टरांना आणि इतर व्यावसायिकांना ४४एडीए आहे, तिथं निम्मी फी हाच किमान नफा. शेअर बाजारात फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्यानं तो धंदाच समजावा. किराण्याच्या दुकानासोबत ते चालू असेल तर रिटर्नचा साधा चार नंबरचा फॉर्म (आयटीआर-४) चालत नाही, तीन नंबर भरावा लागतो.

एकाच दुकानाचे दोन हिशेब

किराण्याचा होलसेलवाला घेऊ. वर्षाची विक्री १ कोटी ८० लाख, त्यातले १ कोटी ३० लाख बँकेतून आणि ५० लाख रोख. होलसेलला मार्जिन पातळ, सगळा खर्च जाता खरा नफा समजा ५ लाख ४० हजार.

४४एडीनं गेलो तर १ कोटी ३० लाखांचे ६ टक्के म्हणजे ७ लाख ८० हजार आणि ५० लाखांचे ८ टक्के म्हणजे ४ लाख. बेरीज ११ लाख ८० हजार. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. म्हणजे नफा दुपटीहून जास्त दाखवूनही कर शून्य, ऑडिटचा खर्चही शून्य. वह्यांची वाट धरली तर नफा ५ लाख ४० हजार, कर इथंही शून्य. पण विक्री १ कोटीच्या वर आणि रोखीचा व्यवहार ५ टक्क्यांपेक्षा जास्त, म्हणून ऑडिट सक्तीचं. या माणसाला मी डोळे झाकून ४४एडी सांगेन.

आता त्याच माणसाचा विश्रामबागेत एक गाळा आहे आणि त्याचं वर्षाला ३ लाख भाडं येतं, असं धरा. भाड्यातून ३० टक्के वजावट जाऊन २ लाख १० हजार उरतात. अंदाजी वाटेवर एकूण उत्पन्न १३ लाख ९० हजार होतं आणि उपकरासह कर ९२,०४० रुपये. वह्यांच्या वाटेवर एकूण ७ लाख ५० हजार, कर शून्य. आता ऑडिटची फी आणि वह्या लिहिणाऱ्याचा वर्षाचा पगार या ९२ हजारांच्या बाजूला मांडा. सांगलीत तो खर्च बहुतेकदा यापेक्षा कमी पडतो.

पातळ मार्जिनच्या धंद्यात दुकानदाराच्या हाताला खाज सुटते ती इथंच. तो वह्याही लिहीत नाही आणि ९२ हजारही भरत नाही. ४४एडीतच राहतो आणि विक्री १ कोटी ८० लाखांऐवजी १ कोटी ४० लाख लिहितो. बाजारात याला "जुळवून टाकलं" म्हणतात. ही तिसरी वाट कायद्यात नाही, आणि सर्वांत लवकर सापडणारी हीच. जीएसटीच्या रिटर्नमधली विक्री आता आयकराच्या वार्षिक माहितीपत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये दिसते. करंट खात्यात वर्षभरात ५० लाख किंवा बचत खात्यात १० लाख रोख भरले तर बँक ते कळवते. आकडा कमी लिहायला एक मिनिट लागतं आणि ताडून बघायला संगणकाला तेवढंही लागत नाही.

उलट्या टोकाला जाड मार्जिनचे धंदे आहेत. मेस, टेलरिंग, गॅरेज, ब्युटी पार्लर. ६० लाख विक्रीवर खरा नफा १५ लाख असला तरी ८ टक्क्यांनी ४ लाख ८० हजार दाखवून मोकळं व्हायची पद्धत पडली आहे. कलमाची भाषा मात्र "आठ टक्के किंवा त्याहून जास्त मिळवल्याचं सांगितलं असेल तर ते" अशी आहे. खात्यानं तुमच्याकडं खर्चाची बिलं मागितली नाहीत, तरी मुलीच्या लग्नाचा, प्लॉटचा आणि गाडीचा पैसा कुठून आला हे ते विचारू शकतं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते खरी, पण रजिस्ट्री ऑफिसात ती उघडावी लागते. माझा सल्ला असा, की जाड मार्जिनवाल्यानं ४४एडीतच राहावं, पण नफ्याच्या रकान्यात खरा आकडा लिहावा. तशी मुभा फॉर्ममध्ये आहे.

वह्यांच्या वाटेवर खर्च कुठं घसरतो

वह्या लिहिणारा माणूस प्रामाणिक असतो असा एक समज आहे. वह्या नीट असल्या की आत काहीही घालता येतं, असा दुसरा. तो जास्त महागात पडतो. खर्च फक्त आणि संपूर्णपणे धंद्यासाठीचा हवा, ही ३७ व्या कलमाची अट. घरचं लाइट बिल, मुलांची शाळेची फी, स्वतःच्या नावचा एलआयसीचा हप्ता, स्वतःचा आयकर हे खर्चात बसत नाही, ती मालकाची उचल. मालकाचा स्वतःला पगारही नाही.

कर्जाचा हप्ता हा नेहमीचा घसरण्याचा दगड. वर्षात टेम्पोच्या कर्जाचे १ लाख ८० हजार भरले की पूर्ण रक्कम खर्चात टाकलेली दिसते. त्यातलं फक्त व्याज खर्चात जातं, मुद्दल नाही. टेम्पोची किंमत घसाऱ्याच्या रूपानं वर्षावर्षानं उतरते. आणि गाडी रविवारी औदुंबरला किंवा गणपतीपुळ्याला जात असेल, तर डिझेलचा त्या वापराचा हिस्साही बाजूला काढावा लागतो.

रोखीचे खर्च वेगळेच. एका माणसाला एका दिवसात १० हजारांहून जास्त रोख दिले तर तो खर्च धरला जात नाही, मालवाहतूकदाराला ३५ हजारांपर्यंत चालतं. शेतकऱ्याकडून शेतमाल घेतला आणि पैसे थेट त्यालाच रोख दिले तर यातून सूट आहे. हळद आणि गुळाच्या व्यापाऱ्यांचं त्यावर निभावतं. पण तोच माल दुसऱ्या व्यापाऱ्याकडून घेतला की सूट गेली. म्हणून खरेदीच्या पावतीवर शेतकऱ्याचं नाव, गाव आणि सही हवी. "किरकोळ खरेदी, इस्लामपूर" एवढं लिहिलेलं व्हाउचर कुणालाही वाचवत नाही.

बायकोच्या नावे पगार हाही ठरलेला उपाय. ती खरंच दुकानात बसते, बिलं करते, जीएसटीचं काम बघते, तर गैर काही नाही. पण तिच्याकडं त्या कामाची तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता नसेल, तर तो पगार पुन्हा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरला जातो. ज्यांना हे उशिरा कळतं त्यांनी तोवर तिच्या नावानं रिटर्नही भरलेलं असतं.

दंडाच्या कलमात, २७०ए मध्ये, दोन पायऱ्या आहेत. उत्पन्न नुसतं कमी दाखवलं गेलं तर बुडालेल्या कराच्या ५० टक्के. पण चुकीचं दाखवलं असं ठरलं तर २०० टक्के. या दुसऱ्या पायरीच्या यादीत वह्यांत खोटी नोंद, वह्यांत न घेतलेली जमा आणि पुराव्याशिवाय दाखवलेला खर्च हे तिन्ही आहेत. शेवटचा शब्दप्रयोग पुन्हा वाचा. खर्च खोटा असायला हवा असंही नाही, कागद नसला तरी पुरे. हमालांना दिलेले पैसे खरे असतात, ते मिळाल्याची सही नसते. ज्याला रोजच्या रोज व्हाउचरवर सही घ्यायची सवय नाही, त्याला वह्यांची वाट त्रासाची, मग त्याचा नफा कितीही कमी असो.

पूर आला तर

कृष्णाकाठच्या माणसानं हे प्रकरण बाकी सगळ्याच्या आधी वाचावं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा बाजारपेठेत शिरलं. साखरेची, डाळींची पोती, कापडाचे तागे, इलेक्ट्रॉनिक्सचे खोके, सगळं गेलं. अंदाजी वाटेवर अशा वर्षीसुद्धा विक्रीच्या ६ किंवा ८ टक्के नफा झालाच असं धरावं लागतं, तोटा दाखवायला तिथं जागाच नाही. वह्यांच्या वाटेवर भिजलेल्या मालाचा तोटा धंद्याचा तोटा म्हणून वजा होतो, आणि रिटर्न मुदतीत भरलं असेल तर उरलेला तोटा पुढची ८ वर्षं ओढता येतो. विम्याचे पैसे आले तर तेही त्यात जमा धरायचे, हे विसरू नका.

मग अशा वर्षापुरतं ४४एडीतून बाहेर पडावं का? पडता येतं, पण पुढची पाच वर्षं परत जाता येत नाही. त्या काळात उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर गेलं की विक्री लहान असली तरी वह्या आणि ऑडिट दोन्ही लागतात. माल लाख-दोन लाखांचाच गेला असेल तर हा सौदा परवडत नाही. पंधरा-वीस लाखांचा गेला असेल तर परवडतो.

शिवाय तोटा सिद्ध करायला साठ्याचा हिशेब हवा. खरेदीची बिलं दुकानाच्याच कपाटात असली तर मालासोबत तीही जातात. हरभट रोड, मारुती रोड, टिळक चौक अशा पाण्याच्या पट्ट्यात दुकान असेल तर मी वह्यांच्या बाजूनं आहे, आणि बिलांचे फोटो रोजच्या रोज दुसरीकडं ठेवण्याच्या बाजूनं.

यात बँकेचा एक जुना घोळ वर येतो. कॅश क्रेडिटची, म्हणजे मालाच्या तारणावरच्या कर्जाची, उचल वाढावी म्हणून बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये माल ४० लाखांचा असतो, आणि रिटर्नमध्ये साठा १२ लाखांचा. एरवी हे कुणाच्या लक्षात येत नाही. पुरानंतर विम्याचा सर्व्हेअर दोन्ही कागद मागतो, आणि मग कुठला खरा म्हणायचा हे मालकालाच कळत नाही. ४४एडीच्या फॉर्ममध्येही साठा, येणी, देणी आणि रोख शिल्लक लिहावीच लागते. तिथं अंदाजानं शून्य-शून्य टाकण्याची खोड मोडा.

बँकेसाठी फुगवलेलं आणि शेतीत दडवलेलं

उत्पन्न कमीच दाखवलं जातं असं नाही. गृहकर्जासाठी दोन-तीन वर्षांची रिटर्न एकदम भरून, नसलेल्या धंद्याचा ४४एडीखाली नफा दाखवून फाइल सजवली जाते. कर शून्य बसतो, म्हणून कुणाला त्यात काही वाटत नाही. पण खोट्या रिटर्नवर कर्ज घेणं ही बँकेची फसवणूक होते. शिवाय दाखवलेल्या विक्रीचा मेळ जीएसटीशी बसत नाही.

तासगाव, कवठेमहांकाळकडचा प्रकार याच्या उलटा. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून व्यापाराचा नफाही सातबाऱ्याच्या आडोशाला जातो. स्वतःच्या बागेतली द्राक्षं विकली तर ती शेती. दुसऱ्याची बाग उक्ती घेऊन बेदाणा केला, कोल्ड स्टोरेजला ठेवला आणि भाव आल्यावर काढला, तर तो धंदा. तुमच्या नावावर दहा एकर असली तरी फरक पडत नाही. दोन्ही करणाऱ्यानं शेतीचा आणि व्यापाराचा माल स्टोरेजच्या पावतीपासूनच वेगळा ठेवावा.

मागच्या वर्षांचं चुकलेलं: तीन वाटा

चूक लक्षात आली आणि त्या वर्षाच्या सुधारित रिटर्नची मुदत उलटलेली नसेल, तर विचार करायचं कारणच नाही. १३९(५) खाली सुधारित रिटर्न भरा. कर आणि व्याजापलीकडं मोठा भुर्दंड नाही, आणि चुकून जास्त उत्पन्न दाखवलं असेल तर तेही कमी करता येतं.

मुदत गेली असेल तर २०२२ पासून अद्ययावत रिटर्नची सोय आहे. २०२५ मध्ये तिची मुदत करनिर्धारण वर्षाच्या (आर्थिक वर्षानंतरच्या वर्षाच्या) अखेरीपासून ४ वर्षांपर्यंत वाढवली. इथं कर आणि व्याज मिळून जी रक्कम होते, तिच्यावर जादा कर द्यावा लागतो. पहिल्या वर्षात २५ टक्के, दुसऱ्यात ५०, तिसऱ्यात ६०, चौथ्यात ७०. आर्थिक वर्ष २०२२-२३ चं चुकलेलं यातून ३१ मार्च २०२८ पर्यंत दुरुस्त करता येईल. मात्र ही वाट एकाच दिशेची आहे. कर वाढत असेल तरच चालते, तोटा दाखवायला किंवा रिफंड वाढवायला नाही. आणि त्या वर्षाची छाननी सुरू झाली असेल तर तीही बंद.

तिसरी वाट म्हणजे गप्प बसून नोटिशीची वाट बघणं. सांगलीत हीच सर्वांत लोकप्रिय. दडवलेल्या विक्रीवर ५० हजारांचा कर बुडाला असेल, तर चौथ्या वर्षी अद्ययावत रिटर्न भरूनही जादा कर सुमारे ३५ हजार आणि वर व्याजाचा त्यातला हिस्सा. नोटीस येऊन चुकीचं दाखवलं असं ठरलं, तर नुसता दंड १ लाख, कर आणि व्याज निराळं. म्हणजे सापडलं तर गप्प बसणं बरंच महाग पडतं, आणि एआयएस आल्यापासून सापडण्याची शक्यता वाढलीच आहे.

अद्ययावत रिटर्न एका करनिर्धारण वर्षासाठी एकदाच भरता येतं. विक्री दुरुस्त केली आणि पतसंस्थेच्या ठेवीचं व्याज राहून गेलं, तर दुसऱ्यांदा संधी नाही. म्हणून त्या वर्षाचा एआयएस, सगळ्या बँकांचे आणि पतसंस्थांचे उतारे, जीएसटीची बाराही महिन्यांची विवरणं आणि बँकेला दिलेली स्टॉक स्टेटमेंट एकत्र समोर घेऊन बसा. त्यांची बेरीज जुळल्यावरच भरा. त्याच बैठकीत यंदासाठी ४४एडी की वह्या हेही ठरवून टाका, कारण तुमच्या धंद्याचं खरं मार्जिन तोवर कागदावर आलेलं असतं.